निवेदनाला चारच जण का आले?

नमस्कार. आपला प्रश्न मी दोनदा वाचला. येळ्ळूर रस्त्याच्या अलीकडे, बळ्ळारी नाल्यापासून फार लांब नसलेल्या आपल्या वसाहतीत साठ-पासष्ट घरे आहेत. गेली तीन वर्षे जुलैच्या मोठ्या पावसात खालच्या रांगेतील घरांत गुडघाभर पाणी शिरते, त्या रात्री व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर संदेशांचा पाऊस पडतो, आणि तरीही महानगरपालिकेत निवेदन द्यायचे ठरले त्या दिवशी आपल्यासह चारच माणसे आली. लोक एवढे उदासीन का झाले आणि त्यांना जागे कसे करावे, असे आपण विचारले आहे. बेळगाव शहरात आणि आसपासच्या गावांत वस्ती-संघटनेचे काम मी सव्वीस वर्षे करत आहे. त्या अनुभवाच्या आधारे जे मला समजले आहे ते लिहिते.

प्रथम प्रश्नाच्या मांडणीविषयी. रात्री दोन वाजता ज्याने मुलांना पलंगावर बसवून तांदळाचे पोते माळ्यावर चढवले, तो माणूस झोपलेला नाही, त्यामुळे त्याला जागे करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला नाला ठाऊक आहे, गाळ ठाऊक आहे आणि दोष कोणाचा याविषयी त्याचे स्वतःचे मतही आहे. निवेदनाच्या दिवशी त्याच्या मनात वेगळाच हिशेब चालू असतो: मी उद्यमबागेतल्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाचा खाडा घेऊन जाईन, पण तिथे आणखी कोण येणार आहे? चाळीसजण येणार असतील तर तो नक्की येईल, कारण खाड्याचे चीज होईल, परंतु चौघेच येणार असतील तर त्याच्या येण्याने काही बदलणार नाही, उलट साहेबांच्या लक्षात तेवढा त्याचा चेहरा राहील. चाळीस येतील की चार, हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती त्याच्याजवळ नाही, कारण पलीकडच्या रांगेतील माणसे तो ओळखतच नाही. साठ घरांनी एकाच संध्याकाळी हा हिशेब आपापल्या घरात मांडला आणि साठांनीही तेच उत्तर काढले. आपण ज्याला उदासीनता म्हणता ते माझ्या दृष्टीने शेजाऱ्याविषयीचे अज्ञान आहे, आणि त्यावर भाषणाचा किंवा पत्रकाचा उपाय चालत नाही.

पुढे जाण्यापूर्वी सांगावे लागेल की माझे उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या आपण प्रश्नात लिहिलेल्या नाहीत. आपला लेआउट रीतसर मंजूर होऊन महानगरपालिकेकडे हस्तांतरित झाला आहे का, की गटारे आणि रस्ते अद्याप विकसकाच्याच नावावर आहेत? शेतजमिनीचे तुकडे पाडून नुसत्या बॉण्डवर, म्हणजे स्टॅम्पपेपरवरच्या करारावर, विकलेले प्लॉट त्यात किती आहेत? ज्यांचा उतारा पक्का नाही ती माणसे कोणत्याही कचेरीत नाव-पत्ता लिहून द्यायला बिचकतात, आणि त्यांच्या त्या भीतीला उदासीनता म्हणणे अन्यायाचे ठरेल. भाड्याने राहणारी कुटुंबे किती? आणि पाणी नाल्यातूनच उलटे येते, की वरच्या नव्या रस्त्याचे पाणी आपल्याकडे वळले आहे? या उत्तरांप्रमाणे कोणाकडे जायचे ते बदलेल. लोकांना एकत्र कसे आणायचे, याची रीत मात्र फारशी बदलणार नाही, म्हणून तीच सविस्तर सांगते.

माझे बालपण बेळगावच्याच शहापूर भागातील विणकरांच्या एका गल्लीत गेले. तिथे गटार तुंबले तर संध्याकाळपर्यंत आठ-दहाजण फावडे घेऊन उभे राहात, आणि ते कोणी विशेष सामाजिक जाणिवेची माणसे होती असे नाही. पण त्यांना एकमेकांचे सगळे ठाऊक होते, कारण दिवसातून चार वेळा त्यांची गाठ पडत असे: विहिरीवर, मागाच्या कामात, मंदिराच्या कट्ट्यावर आणि कोणाच्या तरी दारात. मयत झाले तर तिरडीचे सामान कोण आणील, स्मशानात लाकडांची व्यवस्था कोण पाहील आणि रात्री त्या घरी पिठले-भात कोण पोहोचवील, हे कोणी वाटून दिलेले नव्हते, तरीही ठरलेले होते. अशा शंभर लहान प्रसंगांतून प्रत्येकाची एक पत तयार होत असे. हा बोलतो पण येत नाही, ती बोलत नाही पण येतेच, त्याच्याकडे पैसे ठेवावेत, त्याच्याकडे ठेवू नयेत. मोठ्या कामाची वेळ आली की ही जमलेली पत खर्चाला निघे. १९९५ च्या टंचाईत राकसकोप जलाशयाचे पाणी पुरेना, तेव्हा शहरातल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणाव्या लागल्या. यंत्रे आणि निधी सरकारी होता, परंतु आमच्या बाजूच्या विहिरीत कचरा पडू न देण्याचे, रांगेत म्हातारीला पुढे सोडण्याचे आणि रात्री दोर चोरीला जाऊ न देण्याचे काम कोणत्याही खात्याने केले नव्हते.

गणेशोत्सवाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये बेळगावच्या झेंडा चौकात सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात करून दिली, त्याला आता शतकाहून अधिक काळ लोटला. आमच्या लहानपणी मंडळाची मुले पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरत. वर्गणी पाच रुपयांपासून असे, आणि ती मिळण्यासाठी एकेका घरी तीन-तीन वेळा जावे लागे. त्या फेऱ्यांत त्यांना कळत असे की अमक्या घरातील कर्ता आजारी आहे, तमक्या घरात नवे भाडेकरू आले आहेत, कोपऱ्यावरच्या काकूंचा मुलगा पुण्याला गेला असून त्या एकट्याच राहतात. ते पावतीपुस्तक म्हणजे गल्लीची दरवर्षी नव्याने होणारी गणना होती, आणि ती करणारी विशीतली मुले पुढे गल्लीची पंच मंडळी होत. आज अनेक मंडळांचा मांडव, कमान आणि ध्वनियंत्रणा एखादा इच्छुक उमेदवार किंवा बांधकाम व्यावसायिक एकरकमी देतो. उत्सव पूर्वीपेक्षा मोठा होतो, पण मुलांना दारोदार जाण्याची गरज उरत नाही. वर्गणीचा त्रास वाचला हे खरे, मात्र त्या त्रासातूनच जी ओळख होत होती ती थांबली, आणि हे नुकसान जमाखर्चात दिसत नसल्यामुळे कोणी त्याची नोंद घेतली नाही.

जुन्या गल्लीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्याच गल्लीत काही कुटुंबांना विहिरीवर हात लावू दिला जात नसे, आणि ही फार जुनी गोष्ट नाही. बैठकीला बाया बसत नसत, भाडोत्र्यांना कोणी विचारत नसे, आणि पंचांचा शब्द श्रीमंताच्या बाजूने झुकला तरी गरिबाला तो मुकाट मानावा लागे. नळ घरात आला तेव्हा सर्वांत जास्त सुटका बायकांची झाली. २००८ मध्ये शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले, त्या सुमारास एका बाईंनी मला सांगितले होते की लग्नानंतर पहिल्यांदाच त्या पहाटे साडेपाचपर्यंत झोपल्या. ही झोप परत घ्यावी असे कोणी म्हणू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की विहीर गेली, तिच्याबरोबर रोजची गाठभेटही गेली, आणि तिच्या जागी दुसरी गाठभेट आपण उभी केली नाही.

आपल्यासारख्या नव्या वसाहतींत तर ती कधी उभीच नव्हती. कोणी खानापूरहून आलेले, कोणी चंदगडकडचे, कोणी गल्लीतले घर वाटणीत लहान पडले म्हणून बाहेर पडलेले. मुले बेंगळुरूला किंवा पुण्याला नोकरीवर, घरी वडीलधारी दोनच माणसे. भाडेकरूंचा करार अकरा महिन्यांचा. प्रत्येक घराला कंपाउंड, गेट आणि स्वतंत्र कूपनलिका. अशा ठिकाणी संकट आले की माणूस आधी स्वतःपुरता उपाय शोधतो, आणि तोही चुकीचा नसतो. आपल्या वसाहतीत काहींनी दारासमोर सिमेंटचा बांध घातला असेल, काहींनी उंबरा उंचावला असेल, एखाद्याने जोता वाढवून घेतला असेल. मी अशा तीन वसाहती पाहिल्या आहेत. तिन्ही ठिकाणी बांध घातलेल्या घरातील माणूस पुढच्या वर्षी बैठकीला आला नाही, कारण त्याचा प्रश्न मिटला होता, आणि त्याच्या बांधाला अडलेले पाणी शेजारच्या सखल घरात अधिक उंचीने शिरले. ज्यांच्याजवळ पैसा, वेळ आणि कचेरीत बोलण्याची सवय आहे ती माणसे अशा रीतीने आधी बाजूला होतात. मागे उरतात ती बांध न परवडणारी घरे, आणि मग त्यांचे निवेदन कोणी गांभीर्याने घेत नाही. सामूहिक ताकद क्षीण होण्याची याहून ठळक रीत मला माहीत नाही, आणि यात वाईट वागलेला असा एकही माणूस नसतो.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपविषयी आपण विशेष आशेने लिहिले आहे. निरोप पोहोचवण्यासाठी तो उत्तम आहे. मात्र तिथे उमटलेला अंगठा म्हणजे 'मी येतो' असे वचन नव्हे, हे सर्वांना ठाऊक असते आणि म्हणून त्यावर कोणी विसंबत नाही. शिवाय राग तिथे लिहून टाकला की मन हलके होते, आणि काहीतरी केल्याचे समाधान मिळते. दारात उभे राहून एखाद्याने 'बुधवारी अकरा वाजता येतो' असे सांगितले आणि तो आला नाही, तर गुरुवारी रस्त्यात भेटल्यावर त्याला ओशाळे वाटते. गल्लीचे अर्धे काम या ओशाळेपणाने होत असे. अनोळखी माणसासमोर तो वाटत नाही.

येथे सीमाभागातील आपल्या अनुभवाचा एक मुद्दा येतो, आणि तो अनेकदा मला विचारला जातो. भाषावार प्रांतरचनेत बेळगावसह हा मराठी भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला, त्याचा निषेध म्हणून १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनी जमणारी माणसे गटारासाठी का येत नाहीत? त्या दिवसाला १९५६ पासूनची स्मृती आहे, तारीख ठरलेली आहे, मार्ग ठरलेला आहे, आणि आणखी माणसे येतील याची प्रत्येकाला खात्री आहे. म्हणजे वर सांगितलेला हिशेब तिथे आधीच सुटलेला असतो. ती खात्री मुळात गल्लीगल्लीतील पंच मंडळे, तालमी आणि युवक मंडळे यांनीच निर्माण केली होती, आणि ती मंडळे पोकळ होत गेली तर मोठ्या दिवसाची गर्दीही हळूहळू ओसरेल, असे मला वाटते. पण त्या गर्दीच्या बळावर गटार साफ होईल अशी अपेक्षा धरू नये. एका दिवसाची गर्दी आणि वर्षभर पाठपुरावा करणारी दहा माणसे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही चूक मी स्वतः केली आहे. कामाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका वस्तीत सांडपाण्याच्या प्रश्नावर आम्ही तीनशे माणसांचा मोर्चा काढला. घोषणा दणक्यात झाल्या, अधिकाऱ्यांनी खाली येऊन निवेदन स्वीकारले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले. महिन्याभराने काय झाले ते विचारायला जायचे ठरले, तेव्हा नऊजण आले. त्यानंतर तीन. मोर्च्याची माणसे मी गाड्या पाठवून आणि ओळखीच्या कार्यकर्त्यांना गळ घालून गोळा केली होती. ती माझ्या शब्दावर आली होती, एकमेकांच्या शब्दावर नव्हे. मला दुसऱ्या वस्तीत लक्ष घालावे लागले, त्याबरोबर काम बंद पडले. त्या वस्तीतील एका आजींनी मला पुढे विचारले, 'बाई, तुम्ही आलात म्हणून आम्ही आलो, तुम्ही नाही आलात तर आम्ही कुणाकडं बघून यायचं?' त्या प्रश्नानंतर मी कामाची पद्धत बदलली.

आता मी मागणीपासून सुरुवात करत नाही. आपणही यंदा नव्या निवेदनाने सुरुवात करू नये, असा माझा सल्ला आहे. एक शंभर पानी वही घ्यावी आणि सर्वांत खालच्या रांगेतील घरापासून, ज्यांच्याकडे पाणी आधी शिरते तिथून, फिरायला लागावे. साठ घरे एकदम नकोत, बारा-चौदा पुरेत. दोघांनी जावे, त्यात एक बाई असावी, कारण दुपारी घरात कोण असते ते आपण जाणताच. पाणी किती उंचीवर आले त्याची भिंतीवरची खूण पाहावी, नुकसान काय झाले ते लिहावे, घरात कन्नड नीट वाचणारे कोणी आहे का आणि कोण कोणत्या वेळी मोकळे असते हेही लिहावे. सही त्या दिवशी मागू नये. आपण काही घ्यायला आलेलो नाही हे लोकांना एकदा दिसले पाहिजे.

कन्नडचा उल्लेख मी मुद्दाम केला. महानगरपालिकेची सूचना, निविदेचा फलक, अर्जाला आलेले उत्तर बहुतेक कन्नडमध्ये असते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा अधिक आहेत तिथे सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, असे राष्ट्रीय धोरण आहे आणि तो आग्रह धरलाच पाहिजे, परंतु तोवर नाल्याचे पाणी थांबणार नाही. पूर्वी गल्लीत कन्नड शाळेत शिकलेला एखादा मुलगा असे आणि कागद आला की सगळे त्याच्याकडे जात. आपल्या वसाहतीत कन्नड बोलणारी कुटुंबे नक्कीच असतील. पाणी त्यांच्याही घरात शिरते. त्यांना केवळ कागद वाचून देण्यापुरते बोलावू नका, पहिल्या फेरीतच त्यांच्या दारात जा. एका वस्तीत आमचे सर्व अर्ज एका कन्नड भाषक निवृत्त शिक्षिकेने लिहिले, आणि पुढे त्याच तिथल्या सर्वांत खंबीर कार्यकर्त्या झाल्या.

दुसरी पायरी म्हणजे असे एक लहान काम, जे कोणाच्याही परवानगीशिवाय, एका रविवारी, त्याच चौदा घरांच्या हातून पुरे होईल. पावसाळ्यापूर्वी आपल्या रांगेतील गटारावरच्या फरश्या उचलून कचरा काढणे, हे काम त्यासाठी चांगले आहे. हे काम पालिकेचे आहे, आपण का करावे, असा आक्षेप येईल, आणि तो तत्त्वतः बरोबर आहे. पण त्या रविवारचा हेतू गटार हा नसतो. कोण वेळेवर आले, कोणी घमेले आणले, कोणी चहा पाठवला आणि कोण खिडकीतून पाहात राहिले, हे चौदा घरांना एकमेकांविषयी कळावे, हा असतो. माझ्या अनुभवात पहिल्या रविवारी पाच-सहा घरे येतात, दुसऱ्या खेपेला नऊ-दहा. तिसऱ्या वेळी न आलेल्या घरातून कोणीतरी आपणहून निरोप पाठवते की आज जमले नाही, पुढच्या वेळी येतो. तो निरोप आला की मी वहीत तारीख टाकते, कारण शेजाराला सुरुवात झाल्याची माझी ती खूण आहे.

त्यानंतरच कागदाकडे वळावे. 'नाल्याचा प्रश्न सोडवा' असे मोघम न लिहिता, कोणत्या मोरीत किती फूट गाळ आहे आणि तो मे अखेरपर्यंत काढावा, असे लिहावे. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. पुढची भेट कोण घेणार त्या दोघांची नावे त्याच दिवशी वहीत लिहावीत, आणि दर भेटीला निदान एक नाव बदलावे, म्हणजे काम एकाच्या अंगावर पडत नाही. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली गाळ काढण्याच्या कामाचा तपशील मागावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

नाला आपल्या वसाहतीपाशी सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. शहापूर, वडगाव, येळ्ळूर भागातील शेतकऱ्यांची भातपिके याच नाल्याच्या पुराने वर्षानुवर्षे कुजत आली आहेत आणि ते गाळ व जलपर्णी काढण्याची मागणी आपल्याआधीपासून करत आहेत. त्यांच्या दृष्टीने आपल्या वसाहतीच नाल्याची वाट अडवून बसल्या आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हे ऐकून घेण्याची तयारी ठेवून त्यांना भेटा. गावात अजून पैरा, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याची रीत, आहे, जत्रेपूर्वी वार पाळले जातात, म्हणजे ठरलेल्या वारी सारे गाव काम बंद ठेवते, एका हाकेला माणसे जमतात. संघटनेच्या बाबतीत ते आपल्यापेक्षा पुढे आहेत.

वर्षभर हे टिकले तर संस्था नोंदवण्याचा विचार करावा. कर्नाटकात १९६० च्या संघ नोंदणी कायद्याखाली सात सभासदांवर नोंदणी होते. २०११ च्या दुरुस्तीनंतर महानगरपालिका कायद्यात प्रभाग समितीची जी रचना आहे, तीत नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली दहा सदस्य असून किमान तीन महिला, अनुसूचित जाती-जमातींचे किमान दोन आणि स्थानिक नोंदणीकृत संघटनांचे किमान दोन प्रतिनिधी अपेक्षित आहेत. तिथे बसण्याचा हक्क मागायला आधी मागे उभी राहणारी घरे लागतात. म्हणून नोंदणी आधी करून मग माणसे शोधू नयेत. तसे केलेल्या अनेक संस्थांचे शिक्के मी कपाटात धूळ खात पडलेले पाहिले आहेत.

भाडेकरूंविषयी एक सूचना राहिली. त्यांचा काय संबंध, असे घरमालक म्हणतील, कारण भाडेकरू अकरा महिन्यांनी जाणार असतो. पण खालच्या मजल्यावर बहुधा तेच राहतात आणि पहिले पाणी त्यांच्याच अंथरुणाखाली येते. वहीत मालकाचे नाव आणि राहणाऱ्याचे नाव, असे दोन वेगळे रकाने आखा. आपली पहिली फेरी झाली की चौदा घरांतील किती माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती, तेवढे मला कळवा. पुढे कोणत्या वेगाने जाता येईल याचा अंदाज मी त्यावरून देऊ शकेन.